परतवाड्याची एस्टीम: कार्ब्युरेटर उतरवून इंजेक्शन कोणतं बसवायचं?

गाडी १९९७ ची मारुती एस्टीम, मूळची कार्ब्युरेटरवाली. मालक अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याजवळचा संत्रा बागायतदार. गाडी फक्त ऑटोक्रॉस आणि स्प्रिंट या वेळेवर मोजल्या जाणाऱ्या छोट्या शर्यतींसाठी ठेवलेली, स्पर्धेच्या ठिकाणी ट्रेलरवरून जाते. हे आधीच सांगायचं कारण असं की पुढे लिहिलेली कामं रोजच्या गाडीवर करायची नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरच्या फेरफाराला मनाई करतं.

जुनं ८ व्हॉल्व्हचं इंजिन निघालेलं होतं आणि त्या जागी अपघातात गेलेल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) एस्टीमचं जी१३बीबी बसलेलं: १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. कंपनीतून हे इंजिन एस्टीममध्ये ८५ बीएचपीचं यायचं. इथे हेड घासून कॉम्प्रेशन १०.२ वर नेलेलं, कॅमशाफ्ट रीग्राइंड केलेला, ४-२-१ हेडर (एक्झॉस्टच्या जोडनळ्या) लावलेला. भंगारवाल्याने इंजिन काढताना वायरिंग कटरने तोडलं आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) कुठे गेला कोणालाच ठाऊक नाही. मग लेथवाल्याकडून पट्टी वेल्ड करून घेतली आणि इंजेक्शनच्या इंजिनावर कार्ब्युरेटर चढवला. असं जुगाड विदर्भात नवं नाही आणि हिवाळ्यात ते चालतंही.

मालकाची तक्रार एका वाक्याची होती: «सकाळी बराबर पळते, पण दुपारी उनात उभी केली का मंग सुरूच होत नाही ना भाऊ.» त्याखेरीज ५५०० आरपीएमच्या वर ओढ संपायची, डाव्या वळणात इंजिन खोकायचं आणि चिखलदऱ्याला वर गाडी पळवली की प्लग काळे व्हायचे. यातली प्रत्येक गोष्ट कार्ब्युरेटरवर समजण्यासारखी आहे. अकोला-अमरावती पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) उतरते आणि पेट्रोल तिथेच उकळतं. वळणात बाउलमधली पातळी एका बाजूला जाते. परतवाड्याला हवेचा दाब साधारण ९७ किलोपास्कल, सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला तो ८९ च्या जवळ येतो. हवा पातळ होते पण जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच राहतो, म्हणून मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं.

भर म्हणजे पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. जेट न बदलता ई२० भरलं तर गाडी तेवढी लीन (पेट्रोल कमी पडून) चालते, आणि १०.२ कॉम्प्रेशनचं इंजिन ४५ अंशात लीन चालवणं म्हणजे पिस्टनच्या कडा गमावण्याची तयारी.

टेबलावर आलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त: एमपीएफआय एस्टीमचा मूळ ईसीयू आणि अख्खं वायरिंग दुसऱ्या भंगारातल्या गाडीतून आणायचं. इंजिन कंपनीच्या रूपात असतं तर चर्चा इथेच संपली असती आणि संपायलाच हवी होती. कंपनीचा नकाशा (किती भाराला किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, याचा ईसीयूतला तक्ता) थंडीतली सुरुवात, आयडल (पाय न दाबता मोकळं चालणं), एसीचा भार हे सगळं सांभाळतो. दोन महिने ट्यूनिंग करूनही तो दर्जा हौशी माणसाला गाठता येत नाही. पण इथे कॅम बदललेला. हा ईसीयू मॅनिफोल्डमधल्या (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या वाटेतल्या) दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. मूळ कॅमवर आयडलला तो दाब ३० ते ३५ किलोपास्कल असतो, या कॅमवर ४८ च्या आसपास. ईसीयूला वाटतं इंजिनावर भार आहे, तो जादा पेट्रोल ओततो. पिगीबॅक (मूळ ईसीयूचे सिग्नल बदलणारा जादा डबा) लावून हे थोडं झाकता येतं, पण मग दोन डबे, दोन वायरिंग आणि खोट्या सिग्नलवर चालणारा मूळ ईसीयू. बिघाड झाला तर कुठल्या डब्यात शोधायचा हेच कळत नाही.

दुसरा पर्याय मालकाने व्हिडिओत पाहिलेला: कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं, स्वतः शिकणारं थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. होली स्नायपर आणि फायटेक ही त्यातली ठळक नावं. अमेरिकन व्ही८ साठी ती चांगली आहेत. पण चार बॅरलच्या स्नायपरमध्ये चार इंजेक्टर, प्रत्येक तासाला १०० पौंडांचा, म्हणजे मिनिटाला हजार मिलीच्या वर. १.३ लिटरच्या इंजिनाला आयडलला लागणारं पेट्रोल इतक्या मोठ्या इंजेक्टरकडून मोजून घेणं अशक्य. शिवाय पेट्रोल थ्रॉटलवरच पडतं आणि मॅनिफोल्डच्या भिंती ओल्या करत सिलिंडरपर्यंत जातं. घरी वेल्ड केलेल्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरना ते सारखं मिळेल याची खात्री नाही. या इंजिनाच्या मूळ मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक पोर्टला इंजेक्टरची जागा आयती असताना मागे जायचं कारणच नव्हतं.

तिसरा पर्याय दिसायला सगळ्यात देखणा: मोटारसायकलच्या थ्रॉटल बॉडी, सिलिंडरमागे एक. आवाजावर जीव जडतो हे खरं. पण चार स्वतंत्र थ्रॉटलवर मॅनिफोल्डचा दाब थोडं उघडताच वातावरणाजवळ पोहोचतो, मग इंधनाचा हिशेब थ्रॉटलच्या कोनावर करावा लागतो. कोनावरच्या हिशेबाला हवेच्या दाबाची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते, आणि चारही फुलपाखरं (थ्रॉटलच्या झडपा) सारखी उघडतात का ते वारंवार तपासावं लागतं. त्यात काळ्या मातीची धूळ. ती सुकली की पिठासारखी बारीक होते आणि दर्जेदार मोठा एअरबॉक्स नसेल तर फोमच्या मोज्यांसारख्या फिल्टरमधून आत जाते. एअरबॉक्स केला तर आवाजही गेला आणि जागाही. हा पर्याय मालकाने नाखुशीने सोडला.

राहिला चौथा: मूळ एमपीएफआय मॅनिफोल्ड, एकच थ्रॉटल बॉडी, चार पोर्ट इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू. त्यातही लिंक, हॅलटेक, ईसीयूमास्टर यांचे डबे आहेत; क्षमता भरपूर, ट्यूनर मात्र पुणे-मुंबई-बंगळुरूकडचे. स्पीडुइनो हा अर्डुइनो मेगावर चालणारा मुक्त आराखडा सगळ्यात स्वस्त, चार इंजेक्टर आणि चार इग्निशन वाहिन्या देतो, पण बोर्ड, पेटी आणि कनेक्टर यांचा दर्जा बनवणाऱ्यावर अवलंबून. धूळ आणि धक्के खाणाऱ्या गाडीत उघड्या पिना नकोत. निवड झाली मायक्रोस्क्वर्टची. बंद पेटी, दोन इंजेक्टर वाहिन्या, दोन इग्निशन वाहिन्या. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाला जोडीने इंजेक्शन आणि जोडीने ठिणगी पुरते. सिलिंडरनिहाय इंजेक्शनने आयडल आणि कमी भाराचं मायलेज सुधारतं, पूर्ण थ्रॉटलवर फरक नगण्य. ही गाडी आयडलवर शर्यत करणार नाही. ट्यूनरस्टुडिओ हे त्याचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं, वायरिंगचा नकाशा खुला आहे, आणि अमरावतीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला तो समजावून देता येतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री गाडी बंद पडली तर दुरुस्ती परतवाड्यातच व्हायला हवी, ही अट सुरुवातीपासून होती, आणि यादीतले अर्धे डबे त्या अटीवरच गळाले.

या पेटीत दाबाचा सेन्सर नसतो, तो बाहेरून लावावा लागतो. टर्बो नाही, म्हणून जीएमचा एक बारचा घेतला. तीन बारचा घेतला तर मोजमापाचा दोन-तृतीयांश पट्टा कधीच वापरला जात नाही आणि आयडलला आकडे जाडेभरडे येतात.

इंजेक्टर आणि पंप: इथे लोक मोठं घेतात

लक्ष्य ११० बीएचपी धरलं. इतक्या ताकदीला अशा इंजिनात तासाला साधारण २६ किलो पेट्रोल लागतं. ई२० साठी आठ टक्के वाढवून २८. चारने भागलं की प्रत्येकी ७ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे १५८ मिली. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून १५८ ला ०.८ ने भागायचं: १९८. थोडी मोकळीक ठेवून ३ बारला २२० मिलीचे घेतले, १२ ते १६ ओहमचे. कमी ओहमचे इंजेक्टर थेट लावले तर ईसीयूची वाहिनी जळते.

स्वस्तात ४४० मिलीचे मिळत होते. ते का नाकारले ते आकड्यात पाहा. आयडलला प्रत्येक सिलिंडरला एका चक्रात साधारण ०.००९ मिली पेट्रोल लागतं. २२० च्या इंजेक्टरला त्यासाठी २.५ मिलिसेकंद उघडावं लागतं. जोडीच्या इंजेक्शनमध्ये चक्रात दोनदा उघडायचं, म्हणजे प्रत्येक वेळी १.२५. तेच ४४० वर ०.६ होतं, आणि इतक्या थोड्या वेळात कोणता इंजेक्टर किती टाकेल याचा भरवसा नसतो. आयडल वर-खाली होत राहतं आणि माणूस ट्यूनिंगमध्ये चूक शोधत बसतो.

दोनदा उघडण्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. उघडायला लागणारा मेलेला वेळ, १४ व्होल्टला सुमारे ०.९ मिलिसेकंद, चक्रात दोनदा जातो. ६८०० आरपीएमला एक फेरा ८.८ मिलिसेकंदांचा आणि चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे प्रत्येक फेऱ्यातून ०.९ असे जातात. त्यामुळे २२० हा आकडा खालीही उतरवता येत नाही.

चारही इंजेक्टर अमरावतीत क्लीनिंग मशीनवर ३ बारला ३० सेकंद चालवून मोजले: १०८, ११०, १०९, १११ मिली. चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर संच घेऊ नये.

पंपाबाबत तासाला २५५ लिटरचा पंप हे जणू प्रतिष्ठेचं लक्षण झालंय. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला ३७-३८ लिटर लागतात. उरलेले दोनशेच्या वर लिटर पंपातून आणि गरम रेलमधून (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतून) फिरून टाकीत परत येतात, प्रत्येक फेरीत थोडे तापत. जानेवारीत चालेल, नवतपात नाही. टाकीतला ८० ते १०० लिटरचा पंप, ३ बारचा रेग्युलेटर रेलच्या शेवटी, त्याची व्हॅक्यूम नळी प्लेनमला (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीला), परतीची नळी टाकीत. वळणातल्या खोकल्यासाठी दीड लिटरची सर्ज टाकी डिकीत, केबिनपासून पत्र्याच्या भिंतीने वेगळी. टाकीतला पंप तिला भरतो आणि सर्ज टाकीनंतरचा तेवढ्याच क्षमतेचा इनलाइन पंप रेलला पुरवतो.

कार्ब्युरेटरची जुनी रबरी नळी एक इंचही ठेवली नाही. दाबाच्या बाजूला एसएई जे३०आर९ दर्जाची नळी आणि इंजेक्शनचे गोल पट्ट्याचे क्लॅम्प. दात असलेला साधा क्लॅम्प नळी कापतो. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला आर१० लागते, आर९ बाहेरून पेट्रोल सोसत नाही.

क्रँकचा सिग्नल

कॅमच्या टोकावरचा डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी ओ-रिंगसह ॲल्युमिनियमचं झाकण बसवलं. इंजिन फिरण्यात कुठे आहे ते ईसीयूला कळावं म्हणून क्रँक पुलीवर ३६-१ दातांचं (३६ पैकी एक दात गाळलेलं) चाक, मऊ पोलादाचं, लेझरने कापलेलं, व्यास १५० मिमी. बोल्ट पुलीच्या आतल्या बॉसमध्ये (मधल्या भरीव भागात). बाहेरच्या कड्यावर नको, कारण दोन्हींच्या मधला रबर जुना झाला की कडं सरकतं आणि ठिणगीचं टायमिंग त्याबरोबर जातं. सेन्सर व्हीआर (चुंबकी), दातापासून ०.८ मिमी. ब्रॅकेट ६ मिमी पट्टीचा आणि थेट ब्लॉकवर. टायमिंग कव्हरवर लावलेला ब्रॅकेट ५००० च्या वर थरथरतो.

सेन्सरची तार पिळलेली आणि आवरणाची. आवरण फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थला जोडायचं. दोन्ही टोकं जोडली तर आवरणातूनच गोंगाट वाहतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद केलं, इंजेक्टर काढून ठेवले आणि स्टार्टरवर टायमिंग लाइटने पुलीची खूण पाहिली. सुरू झाल्यावर तीच खूण १००० ला आणि ४००० ला. खूण वर जाताना सरकली तर व्हीआरच्या दोन तारा उलट्या आहेत असं बहुधा निघतं. इथे ४००० ला खूण ६ अंश सरकली, तारा अदलाबदल केल्यावर जागेवर आली. ही तपासणी टाळून थेट नकाशा ट्यून करणारे बरेच दिसतात आणि मग डेटोनेशनचा (मिश्रण अवेळी फुटण्याचा) दोष पेट्रोलला देतात.

इग्निशनला चार टोकांची वेस्टेड स्पार्क कॉइल, १-४ आणि २-३ जोडीने, ड्वेल (कॉइल भरण्याची वेळ) १४ व्होल्टला ३ मिलिसेकंद. प्लग रेझिस्टरवाले, वायरी कार्बन कोअरच्या. रेझिस्टर नसलेल्या प्लगने ईसीयू अधूनमधून रीसेट होतो.

वायरिंग

ईसीयू डाव्या सीटपुढे, पायाच्या जागेवर उंच बसवला. बॉनेटखाली नाही, डॅशबोर्डवर उन्हातही नाही. ईसीयूच्या सगळ्या पॉवर अर्थ एकत्र करून सिलिंडर हेडवरच्या एका बोल्टला. सेन्सरचे अर्थ वेगळे, ते ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनेलाच परत. रेडिएटर फॅनचा अर्थ या बोल्टपासून लांब. मुख्य, पंप आणि फॅन असे तीन रिले, पंपाला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिमीची तार.

पंपाची तार आधी जुन्या हार्नेसमधलीच वापरली होती. लॉगमध्ये (ईसीयूने नोंदलेल्या आकड्यांत) तिसऱ्या गिअरला ५५०० नंतर लॅम्डा (मिश्रणाचा आकडा: १.० म्हणजे नेमकं, त्याखाली रिच, वर लीन) ०.८७ वरून ०.९५ कडे सरकत होता. नकाशात पेट्रोल वाढवलं की थोडा खाली यायचा आणि परत वर. पंपाच्या टर्मिनलवर मीटर लावला तर १०.९ व्होल्ट. नवी तार आणि रिले जवळ आणल्यावर १३.२ मिळाले आणि लॅम्डा सरळ राहिला. पूर्ण थ्रॉटलवर लीन दिसलं की आधी पंपाचं व्होल्टेज आणि रेलचा दाब बघायचा, लॅपटॉप नंतर.

दुसरा बिघाड ५२०० ला क्षणभर इंजिन तुटण्याचा. लॉगमध्ये आरपीएमची रेघ तिथे शून्यावर कोसळायची. खऱ्या इंजिनाला असं थांबता येत नाही, म्हणजे सिग्नलच हरवतोय. व्हीआरची तार कॉइलच्या वायरीला चिकटून गेली होती. ती १५ सेंटिमीटर दूर, ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि प्रश्न मिटला.

गोदामात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, विशेषतः शेजारी सोयाबीन किंवा सरकी असेल तर. हार्नेसवर प्लास्टिकच्या नळीऐवजी विणलेलं कापडी आवरण आणि आत शिरण्याच्या भोकांना बारीक जाळी लावली.

ट्यूनिंग

डायनो (ताकद मोजणारं यंत्र) जवळ नव्हता. हंगाम संपलेल्या एका जिनिंगच्या आवारातला लांब सिमेंटचा पट्टा मालकाच्या परवानगीने मिळाला. तिथे दुसरा-तिसरा गिअर पूर्ण उघडता येतो. एक जण गाडी चालवणार, दुसरा लॅपटॉपवर. एकट्याने दोन्ही करू नये. आवारात आधी झाडू मारून घेतला, कारण पडलेला कापूस रेडिएटरच्या जाळीला चिकटून तापमान चढवतो.

एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९. हेडरच्या जोडापासून साधारण ७० सेमी पुढे, घड्याळाच्या दहा ते दोनच्या दरम्यान तोंड वर. खाली लावला तर साचलेलं पाणी सिरॅमिक फोडतं. त्याआधीच्या प्रत्येक जोडाला गळती तपासली. गळतीतून बाहेरची हवा आत येते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. मिसफायरही लीनच दिसतो, हे विसरलं की माणूस रिच इंजिनात आणखी पेट्रोल ओततो.

लक्ष्य लॅम्डातच ठरवलं. एअर-फ्युएल गेज बहुधा निव्वळ पेट्रोलच्या १४.७ वर आकडे रंगवतं, टाकीत ई२० असलं तरी. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ म्हणजे गेजवर १२.८, पण ई२० साठी खरं प्रमाण ११.७ च्या आसपास. १२.८ हा आकडा ई२० च्या हिशेबाने खरा समजून «अजून रिच कर» म्हणणारे भेटतात. लॅम्डा वापरला की हा गोंधळ उरत नाही.

क्रम असा ठेवला: आधी इंजिन पूर्ण तापवून आयडल, मग थ्रॉटल स्थिर ठेवून २००० ते ४५०० ची मधली घरं (नकाशाच्या तक्त्यातले चौकोन), मग पूर्ण थ्रॉटल, खालच्या आरपीएमपासून वर. आयडलला ०.९५, कारण हा कॅम १.० वर थरथरतो. मधल्या भागात १.० आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८७. नकाशात एका वेळी ५ टक्क्यांहून जास्त बदल नाही आणि शेजारची घरं गुळगुळीत. ॲक्सिलरेशनचं जादा इंधन सगळ्यात शेवटी. नकाशा चुकीचा असताना ते ट्यून केलं तर ते फक्त खालची चूक झाकतं.

आयडलला रेलचा दाब २.५ बार दिसला. रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या वर ३ बार ठेवतो, आणि मॅनिफोल्ड ४८ किलोपास्कलवर म्हणजे वातावरणापेक्षा अर्धा बार खाली, त्यामुळे तो बरोबरच. गेजवर ३ दिसत नाही म्हणून रेग्युलेटर पिळू नये.

टायमिंग पूर्ण थ्रॉटलला २४ अंशांपासून सुरू करून एक-एक अंशाने वाढवलं, ब्लॉकला लावलेल्या तांब्याच्या नळीतून कानात आवाज ऐकत. ३० ला टणटण ऐकू आली, २८ वर थांबलो. डायनो नसल्याने ताकदीचा आकडा देता येत नाही. इंजेक्टर ६८०० ला ७९ टक्के उघडे राहतात.

दुपारची सुरुवात

मूळ तक्रार मात्र इंजेक्शन लावल्यावरही पूर्ण गेली नव्हती. सकाळी ट्यून केलेली गाडी दुपारी बारानंतर पंधरा मिनिटं उभी ठेवून सुरू केली की अर्धा मिनिट अडखळायची. लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं. हवेच्या तापमानाचा सेन्सर धातूच्या प्लेनममध्ये होता आणि सुरू होताना ८० अंश दाखवत होता. बाहेर ४५. ईसीयू समजतो की हवा विरळ आहे आणि त्या हिशेबाने इंधन दहा टक्के कापतो. आत येणारी हवा मात्र इतकी तापलेली नसते.

उपाय तीन ठिकाणी केला. सेन्सर प्लेनममधून काढून थ्रॉटलच्या आधी, फिल्टरनंतरच्या प्लास्टिकच्या नळीत, उघड्या टोकाचा. फिल्टरची पेटी हेडलाइटच्या मागे पुढची थंड हवा घेणारी केली. आणि ५५ अंशांच्या वरची इंधनकपात सॉफ्टवेअरमध्ये निम्मी केली. टायमिंगची कपात मात्र उलट वाढवली: ५० अंशांनंतर दर ५ अंशांना १ अंश मागे. इंधन कापण्यात चूक झाली तर इंजिन मोडतं, टायमिंग जास्त मागे गेलं तर फक्त वेळ जातो.

तरीही दोन-तीन सेकंद स्टार्टर जास्त लागत होता. इंजिन बंद केल्यावर रेलचा दाब पाहिला तर दोन मिनिटांत शून्य. दाब गेला की गरम रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते. इनलाइन पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळत होता. बदलल्यावर दहा मिनिटांनी २ बारच्या वर राहिला. रेलखाली, मॅनिफोल्ड आणि हेडच्या मध्ये ५ मिमीचा फिनॉलिक पत्रा घातला, आणि किल्ली फिरवल्यावर पंप तीन सेकंद चालू राहील अशी वेळ दिली. आता उभी असलेली गाडी दीड-दोन फेऱ्यांत उठते.

चिखलदऱ्याला वेगळं काही करावं लागलं नाही. दाबावर चालणारा हिशेब पातळ हवा स्वतःच मोजतो. किल्ली लावताना ईसीयू त्या जागेचा दाब वाचतो. गाडी ट्रेलरवरून वर जात असल्याने किल्ली तिथे नव्याने लागतेच. घाट सलग चढायचा असता तर दाबाचा दुसरा सेन्सर लावावा लागला असता.

खर्च आणि उरलेली कामं

ईसीयूच्या किमतीइतकीच रक्कम नळ्या, पंप, रिले, कनेक्टर, कॉइल आणि वाइडबँड यांना लागते असं धरूनच बजेट करावं. आयात माल असेल तर जकात वेगळी. ईसीयू घेऊन पैसे संपले की लोक वायरिंगला टेप लावून मोकळे होतात, आणि वर लिहिलेले बहुतेक बिघाड त्याच वायरिंगचे होते.

गाडीसोबत नेण्याच्या पेटीत क्रँक सेन्सर, एक इंजेक्टर, पंपाचा रिले, तीन फ्यूज, थ्रॉटल पोझिशन सेन्सर, आर९ नळीचा एक मीटर तुकडा आणि नकाशाची फाइल दोन पेनड्राइव्हवर. अर्थच्या बोल्टला पाना लावून तो घट्ट आहे का ते प्रत्येक स्पर्धेआधी बघायचं. फिल्टर धुळीच्या प्रत्येक दिवसानंतर झटकायचा. बंद झालेल्या फिल्टरने पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डचा दाब ९७ ऐवजी ९३-९४ दिसतो, लॉगमध्ये तेच पाहून कधी बदलायचा ते ठरतं.

पावसाळ्यात गाडी तीन महिने उभी राहते. ई२० हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासह टाकीच्या तळाला बसतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी. म्हणून जूनमध्ये मुख्य टाकी आणि सर्ज टाकी दोन्ही रिकाम्या करायच्या, रेलमधलं पेट्रोल पंपाने बाटलीत काढायचं, आणि दसऱ्याच्या सुमाराला ताजं पेट्रोल भरून पहिल्यांदा कॉइलचा कनेक्टर काढून स्टार्टर मारत नळ्या तपासायच्या. गळती नसेल तरच कॉइल जोडायची.